कुणाच्या पाहुण्यातली मनकर्णा

मनकर्णाला जिथे नोकरी नाकारली जायची तिथे ती एकदा परत जायची. भांडायला नाही आणि हातापाया पडायलाही नाही, कारण विचारायला. मी तिला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हाही ती अशीच आमच्याकडे कारण विचारायला आली होती.

माजलगावात धान्यबाजाराच्या मोंढ्याच्या अलीकडे एक खासगी दवाखाना आहे. तिथल्या लॅबमध्ये मी बरीच वर्षं रक्त-लघवी तपासते. त्या वेळी लॅबला आणखी एक मुलगी हवी होती. मुलाखती झाल्या, एकीला घेतलं, विषय संपला. त्यानंतर एके सकाळी ओपीडीच्या बाकावर एक उंच, सावळी मुलगी पाठ ताठ ठेवून बसलेली दिसली. केसपेपर काढायला सांगितलं तर म्हणाली, "मी आजारी न्हाई. मॅनेजर साहेबांना भेटायचंय."

आमचे मॅनेजर बोराडे तिला ओळखून दोन-तीनदा समोरून निघून गेले. ती हलेना. शेवटी दुपारी गर्दी ओसरल्यावर ते नाइलाजानं थांबले.

"सर, मला घेतलं न्हाई, त्याचं काय न्हाई," ती म्हणाली. "पण कावून घेतलं न्हाई, तेवढं सांगा."

"अनुभव नाही ना तुम्हाला."

"जिला घेतलं तिला हाय का?"

घेतलेली मुलगी कॉलेजातून थेट आलेली होती. बोराड्यांनी चष्मा काढून पुसला. "तसं नाही हो. बोलणं-चालणं पण बघतात मुलाखतीत."

"म्हंजी अनुभवाचं कारण न्हाई. बोलण्याचं हाय."

"दोन्ही, थोडं थोडं."

"बरं," असं म्हणून तिनं पिशवी उचलली. मला राहवलं नाही. लॅबमध्ये बोलावून चहा दिला. चहा बशीत ओतत ती म्हणाली, "कारण खोटं असलं तरी चालंल ताई, पण एकच असावं. दोन दिली की माणूस कोड्यात पडतंय."

मनकर्णा डोंगरे मूळची उमापूरची. आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला जात आणि ऊन तापायला लागलं की परत येत. मधले महिने ती माजलगावला मावशीकडे राहायची आणि शाळा शिकायची. पुढे बीडला हॉस्टेलवर राहून तिनं लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला. शिक्षण संपलं तेव्हा तिला वाटलं, आता अवघड ते संपलं.

त्या चहानंतर आमची ओळख वाढली. सुट्टीच्या दिवशी ती आमच्या किराणा दुकानावर यायची, ज्वारीच्या पोत्यावर बसायची आणि कुठं कुठं काय कारण मिळालं ते सांगायची. सांगताना तिच्या आवाजात तक्रार नसे. हरवलेली वस्तू शोधताना माणूस जसं स्वतःशी बोलतं, तसं ती बोलायची.

गेवराईच्या एका लॅबनं सांगितलं, तुमचं लग्न व्हायचंय. झालं की जाल. बीडच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, आम्हाला लग्न न झालेलीच हवी होती, पण तुमचे आईवडील तोडीला जातात, तुम्हीही मधूनच कोयता घेऊन निघाल. एका ठिकाणी तर ती उंच आहे म्हणून नको झाली; तिथले टेक्निशियन बुटके होते, असं तिचं म्हणणं. ती पुण्यालाही जाऊन आली. तिथल्या मुलाखतीतल्या बाई सगळं हसून विचारत होत्या, पण गाव कुठलं म्हटल्यावर त्यांचं हसणं थांबलं. "बीड म्हणल्यावर त्या माझ्या हाताकडंच बघाया लागल्या," मनकर्णा सांगायची. "जसं काय मी रक्त काढायला न्हाई, रक्त पाडायला आलेय." तिथंही ती दुसऱ्या दिवशी कारण विचारायला गेली होती. वॉचमननं आत सोडलं नाही.

"माणूस न्हाई म्हणताना खाली कावून बघतंय ताई?" तिनं एकदा विचारलं. "खाली काय लिवलेलं असतंय का?"

माझे वडील गल्ल्यावरून म्हणाले, "पोरी, असं परत परत जाऊन विचारलं तर लोक रागावतील."

"रागावले तरी चालंल, मामा. पण आमच्या आईला काय सांगू? ती म्हणती, तुझ्यात काय कमी हाय ते तरी सांग, म्हंजी भरून काढू."

वर्ष-दीड वर्षानं आमच्याकडची ती मुलगी लग्न होऊन गेली आणि जागा पुन्हा रिकामी झाली. मीच मनकर्णाला निरोप धाडला. मुलाखतीच्या दिवशी बाकावर तिच्याशेजारी नसरीन बसली होती. पात्रुडकडची, लग्न झालेली, एक लहान मूल, आणि अंबाजोगाईच्या लॅबमधला चांगला अनुभव. दोघींनी एकमेकींना ओळखलं, कारण या मुली सगळ्या मुलाखतींना त्याच त्याच भेटतात. त्यांनी डबाही एकत्र खाल्ला. दवाखान्याच्या मालक डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, दोघींना एकेका पेशंटचं रक्त काढायला लावा. मनकर्णाचं काम नीटनेटकं होतं. पण नसरीनच्या वाट्याला तापानं फणफणलेलं, रडणारं लेकरू आलं आणि तिनं त्याला बोलण्यात गुंतवून सुई कधी टोचली ते त्याच्या आईलाही समजलं नाही. मनकर्णा दाराशी उभी राहून बघत होती. बाहेर आल्यावर ती मला हळूच म्हणाली, "आज नसरीन लागती बगा. लागाया बी पायजे."

मलाही तसंच वाटलं. मग डॉक्टरांच्या केबिनमध्ये मुलाखती झाल्या. दुसऱ्या दिवशी बोराड्यांचा फोन गेला तो मनकर्णाला.

कुठलीही मुलगी पेढे घेऊन आली असती. मनकर्णा रिकाम्या हातानं आली आणि थेट बोराड्यांच्या टेबलासमोर उभी राहिली. मी रिपोर्टवर सही घ्यायला तिथेच होते.

"सर, मला घेतलं. पण कावून?"

बोराडे मोकळेपणानं हसले. "काय चेष्टा करता ताई! आधीच सांगायचं ना, अण्णांच्या पाहुण्यातल्या आहात म्हणून. मागच्या वेळी उगाच तुम्हाला हेलपाटे झाले."

"कोणते अण्णा?"

"डोंगरे अण्णा."

डोंगरे अण्णा म्हणजे आमच्या भागातलं मोठं राजकारणी प्रस्थ. बाजार समिती असो, सोसायटी असो, कारखान्याची निवडणूक असो, अण्णांशिवाय पान हलत नसे. मनकर्णानं क्षणभर विचार केला. "मी त्यांच्या पाहुण्यातली न्हाई, सर. ते डोंगरे येगळे, आमी येगळे. आमी उमापूरचे. तोडीवाले."

बोराड्यांना तो विनय वाटला. "असू द्या, असू द्या."

"असू द्या कसं? त्यांचा आमचा काय सोयरसंबंध न्हाई. मी त्यांना कधी जवळून पाह्यलं बी न्हाई."

आता मात्र बोराड्यांचा चेहरा उतरला. ते उठून डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. आतलं बोलणं मला नंतर त्यांच्याकडूनच समजलं. मागच्या मुलाखती बोराड्यांनीच घेतल्या होत्या; या वेळी आडनाव पाहून डॉक्टरांनी अंदाज बांधला होता. आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वतः अण्णांना फोन करून सांगितलं होतं की तुमच्या पाहुण्यातली मुलगी आपण लावून घेतली. अण्णांना कुठली मुलगी, कोण मुलगी, काहीच ठाऊक नसणार. पण आयतं श्रेय कोण सोडतं? "बरं केलं डॉक्टर. लक्ष असू द्या पोरीकडं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला होता.

म्हणजे आता तिला काढायचं तर अण्णांनी 'लक्ष असू द्या' म्हटलेली मुलगी काढली असं झालं असतं. आणि अण्णांना खरं सांगायचं तर त्यांनीच थाप मारली असं तोंडावर म्हणावं लागलं असतं. बोराडे बाहेर आले आणि कपाळ पुसत म्हणाले, "ताई, उद्यापासून या कामावर. आणि हे पाहुण्याबिहुण्याचं बाहेर काही बोलू नका."

"काय बोलू नको? हाय म्हणून, का न्हाई म्हणून?"

"काहीच बोलू नका."

मनकर्णा लॅबमध्ये येऊन स्टुलावर बसली. तिला आनंद झाला होता की दुःख, ते तिच्याकडे पाहून सांगता येत नव्हतं. "गुण बघून घेतलं न्हाई," ती बोटं मोडत म्हणाली. "वशिल्यानं म्हणावं तर वशिला न्हाई. मग मी आत आले कशी, ताई?"

त्याच संध्याकाळी ती पात्रुडला नसरीनच्या घरी गेली आणि घडलं ते सगळं सांगून आली. नसरीननं चहा केला, ऐकून घेतलं, पण तिला काही ते पटलं नाही. "मनू, था तो था," ती म्हणाली. "छुपाती कायकू? मेरा कोई होता तो मैं भी बोलती." मनकर्णानं आईची शपथ घेतली. मग नसरीननं विचारलं, "तू सोडली तर मेरेकू लेंगे क्या?" याचं उत्तर दोघींनाही ठाऊक होतं. मनकर्णा दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाली.

आईवडील तोडीवरून परत आले तेव्हा गोष्ट आणखी गुंतली. लेकीला दवाखान्यात नोकरी लागल्याचं आणि ती अण्णांनी लावल्याचं गावानं आधीच ठरवलं होतं. वडिलांनी नारळ आणि शाल घेतली आणि ते अण्णांच्या वाड्यावर जाऊन आले. अण्णांनी शाल घेतली, त्यांना शेजारी बसवलं आणि म्हणाले, "आपलीच पोरगी हाय." मनकर्णाला हे कळलं तेव्हा ती वडिलांवर चिडली.

"दादा, मी सांगितलं व्हतं ना, त्यांनी काय केलेलं न्हाई म्हणून?"

"आगं, ते म्हणले आपलीच हाय. येवढ्या मोठ्या माणसाला आपण न्हाई म्हणून खोटं कावून पाडावं?" वडील म्हणाले. त्या भेटीत अण्णांच्या माणसानं काढलेला फोटो त्यांनी घरात लावला होता.

मनकर्णा आमच्याकडे चारेक वर्षं होती. कामाला वाघ. लहान मुलांच्या बाबतीत पहिल्यांदा तिचा हात बिचकायचा. नसरीननं त्या दिवशी कसं केलं ते आठवून आठवून ती शिकली, आणि हे ती येईल त्याला सांगायची. पण तिच्या कामाचं कौतुक झालं की मागून कुणीतरी हमखास म्हणे, "असणारच. अण्णांचं माणूस आहे." कुणी पोराच्या बदलीसाठी, कुणी विहिरीच्या मंजुरीसाठी तिच्यामार्फत अण्णांना निरोप द्यायला येत. ती प्रत्येकाला सांगे, "माझी त्यांची वळख न्हाई." बिचारे लोक हिरमुसून जात; बाई नोकरीला लागली आणि गर्व आला, असं म्हणत. कधी कधी मलाच शंका येई. एवढी सगळी माणसं म्हणतात तर असेल काही लांबचं नातं! एकदा मी तसं विचारलंही. ती रागावली नाही. गंभीरपणे म्हणाली, "मी बी आईला विचारलं, ताई. कुठं जुळतंय का बघ म्हणलं. न्हाई जुळत."

मग बाजार समितीची निवडणूक आली. डॉक्टरांचे थोरले भाऊ अण्णांच्या विरोधातल्या पॅनलमधून उभे राहिले. महिनाभर गावात दोन तट पडले, दवाखान्याच्या दारात दोन्हीकडच्या गाड्या उभ्या राहू लागल्या. निकाल लागला, डॉक्टरांचे भाऊ पडले. त्यानंतरच्या सोमवारी बोराड्यांनी मनकर्णाला बोलावलं. मी तिच्याबरोबर गेले.

बोराडे खाली बघत होते. "ताई, तुमच्या कामाबद्दल काही नाही. पण वातावरण असं आहे… आतल्या गोष्टी बाहेर जातात, असं साहेबांना वाटतं."

"कुणाकडं जात्यात?"

"आता तुम्हाला माहितीच आहे."

"सर," मनकर्णा म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी ह्याच टेबलापाशी सांगितलं व्हतं, मी त्यांची न्हाई म्हणून. तुमी ऐकलं व्हतं. ह्या ताई बी व्हत्या."

"मला माहीत आहे हो," बोराडे अगदी कळवळून म्हणाले. "पण आता ते कोण मानणार?"

मी डॉक्टरांकडे जाऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "शैलाताई, तुम्ही भोळ्या आहात."

मनकर्णानं मग एक अजब गोष्ट केली. ती आयुष्यात पहिल्यांदा अण्णांकडे गेली. नोकरी मागायला नाही. डॉक्टरांना फोन करून सांगा, की ही माझ्या नात्यातली नाही, एवढंच मागायला. मलाही ती सोबत घेऊन गेली. अण्णा ओसरीवर खुर्चीत बसले होते, भोवती माणसं. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांनी तिला ओळखलं नव्हतं, हे मला स्वच्छ दिसत होतं. तरी ते म्हणाले, "असं कसं म्हणू पोरी? तुझ्या बापाला शेजारी बसवून आपली म्हणलो मी. आज तुझ्यावर येळ आली आन् मी न्हाई म्हणलो, तर लोक म्हणतील अण्णानं आपल्या माणसाला वाऱ्यावर सोडलं."

"पण अण्णा, मी खरंच तुमची न्हाई."

भोवतीची माणसं हसली. अण्णाही हसले. "रुसलीय पोरगी," ते म्हणाले आणि आतून चहा मागवला.

परत येताना आम्ही रिक्षात बसलो. मग तिला एकाएकी हसू फुटलं, ते थांबेना, आणि थांबलं तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं. "ताई, नोकरी लागली ती बी माझी न्हाई आन् गेली ती बी माझी न्हाई," ती म्हणाली. "मधी जे काम केलं ते तरी माझं व्हतं का वं?"

"ते तुझंच होतं," मी म्हणाले. ती माझ्याकडे नीट बघत राहिली. मी समजूत काढतेय की खरं बोलतेय, ते तिला ठरवता येत नव्हतं.

त्यानंतर ती माजलगाव सोडून आष्टीजवळच्या कडा गावाला गेली. तिथं तिनं रक्ताचे नमुने घेऊन नगरच्या मोठ्या लॅबला पाठवायचं एक छोटं सेंटर सुरू केलं. साखर कारखान्यामुळे हंगामात गर्दी असते. तिचं बस्तान बसलं. अधूनमधून तिचा फोन येई. नसरीनशीही बोलणं व्हायचं म्हणे. नसरीन अंबाजोगाईच्या तिच्या जुन्या लॅबमध्ये परत गेली आणि आता तिथली इनचार्ज आहे.

मागच्या हंगामात भाचीच्या लग्नाला आष्टीला गेले, तेव्हा वाट वाकडी करून मी मनकर्णाला भेटले. सेंटरमध्ये एक नवी मुलगी एका म्हाताऱ्याच्या दंडाला पट्टी बांधत होती. मनकर्णा मला आतल्या खोलीत घेऊन गेली. तिचा चेहरा ओढलेला दिसला.

"हाताखाली पोरगी पायजे म्हणून बोलवल्या व्हत्या," तिनं सांगितलं. "दोघी आल्या. एक ही, आष्टीकडली. दुसरी आमच्या उमापूरची. तोडीवाल्याचीच, बीडच्या हॉस्टेलवर शिकलेली. दोघींचा हात सारखाच. उमापूरची दारातून आत आली आन् मला आतून वाटलं, हीच. लई मोठ्यानं वाटलं. मग मी भ्यायले, ताई. माणूस आपलं हाय म्हणून घेतलं तर डॉक्टरांत आन् माझ्यात काय फरक? आन् आपलं हाय म्हणून सोडलं, तर त्यो तरी काय न्याय? रात-दिस इचार केला. शेवटी हिला घेतलं."

"मग?"

"तिची आई आली व्हती परवा. कड्याच्याच फडावर हाय तिची टोळी. काम टाकून आली, पायात चप्पल न्हाई. भांडली न्हाई. पाणी पिली आन् म्हणली, मने, परक्यानं न्हाई म्हणलं असतं तर पोरीनं सोसलं असतं. तुझ्या दारातून माघारी आली, तवापसून बोलंना झालीय."

बाहेर त्या नव्या मुलीनं म्हाताऱ्याला, "झालं बाबा," असं म्हटलं. तो म्हणाला, "कधी झालं?" मुलगी खरोखर चांगली होती.

"मी चुकले का, ताई?" मनकर्णानं विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. नाही चुकलीस, असं म्हणावं, तर ती आई अनवाणी परत जाताना दिसू लागली. चुकलीस म्हणावं, तर बाहेरची ती मुलगी. मी दोन्ही वाक्यं मनातल्या मनात म्हणून पाहिली आणि दोन्ही तशीच गिळली. ती वाट बघत होती. शेवटी मी नुसतीच मान हलवली.

"तुमाला बी सांगता येत न्हाई ना?"

"नाही गं."

तिनं मोठा श्वास सोडला आणि कितीतरी वेळानं तिचा चेहरा सैल झाला. "बरं झालं," ती उठत म्हणाली. "मला वाटलं, मला एकटीलाच कळंना झालंय."